पिल्लू घरी आलं आणि चावायला लागलं

मांजराचं पिल्लू घरात आलं की पहिले दोन-तीन दिवस प्रश्न एकच असतो: ते गेलं कुठे? सोफ्याखाली, कपाटामागे, नाहीतर आपल्याला माहीतही नसलेल्या एखाद्या फटीत. मग आठवड्याभरात चित्र पालटतं. दाराआडून पायांवर झडप, हाताला मिठी मारून मागच्या पायांच्या लाथा, बोटात रुतलेले टोकदार दात. नव्यानेच मांजर पाळणाऱ्या पुष्कळांना मग शंका येते, पिल्लू तापट निघालं की काय. बहुतेक वेळा तसं काही नसतं. घाबरलेलं पिल्लू खेळत नाही. ते खेळायला लागलं, म्हणजे घर त्याला आपलं वाटायला लागलंय. मात्र माणसाच्या अंगाला दात लावायचे नाहीत, हे याच महिन्यांत शिकवावं लागतं. सवय मुरली की काम अवघड होत जातं. म्हणून पिल्लू रुळवायचं कसं हे आधी सांगते आणि चावण्याकडे मग वळते. या दोन्हींचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

आणायची घाई करू नका

पिल्लू किमान 8 आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळच राहू द्या. 12 आठवडे मिळाले तर फारच उत्तम. साधारण चौथ्या आठवड्यापासून भावंडांची आपसात झोंबाझोंबी सुरू होते. एकाने जोरात चावलं की दुसरं ओरडतं, उलट चावतं किंवा सरळ खेळ सोडून निघून जातं. आईही अति करणाऱ्याला पंजाने दाबून धरते. दातांचा जोर किती लावायचा, हे पिल्लू या शाळेत शिकतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात उचलून आणलेल्या पिल्लाची ही शाळा अर्धवट सुटते आणि राहिलेले धडे तुमच्या हातांवर गिरवले जातात.

उघड्यावर सापडलेल्या पिल्लाच्या बाबतीत वयाची निवड आपल्या हातात नसते. तरी ते सुरक्षित जागी आणि धडधाकट दिसत असेल, तर उचलण्याआधी लांब उभं राहून वाट पाहा. मांजरी पिल्लांना एकेक करून हलवतात, खाणं शोधायला काही तास दूरही जातात. आई परत येण्याची शक्यता बरीच असते. ती येतच नाही अशी खात्री झाली, किंवा पिल्लू जखमी, गारठलेलं वा धोक्याच्या जागी असेल, तर मात्र उशीर नको.

जागा आणि वेळ दोन्ही असेल तर एकाच वेतातली दोन पिल्लं आणा, असं मी मनापासून सुचवेन. दोन पिल्लं एकमेकांना दमवतात, चावण्याची मर्यादा एकमेकांना शिकवतात आणि रात्री एकमेकांना बिलगून झोपतात. खर्च वाढतो हे खरं, पण हातावरचे ओरखडे नक्की कमी होतात. नर-मादी असतील तर नसबंदी लांबवू नका. मादी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि सख्खं भावंड आहे म्हणून नर थांबत नाही.

आधी एक खोली, मग घर

पिल्लाला पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं करून देऊ नका. लहानशी, शांत, दार बंद होणारी एक खोली निवडा. एका कोपऱ्यात खाणं, पाणी थोडं बाजूला, आणि लिटर ट्रे, म्हणजे शी-शूसाठी लिटर (वाळूसारखा भुगा) भरलेला ट्रे, या दोन्हींपासून शक्य तितका लांब. जेवणाजवळ शी-शू करणं मांजराला पटत नाही. नखं घासायला उभा खांब किंवा जाड पुठ्ठा ठेवा. ज्या कॅरिअरमधून पिल्लू आलं तो दार उघडं ठेवून आत मऊ कापडासह तिथेच राहू द्या. लपायला ती त्याची पहिली हक्काची जागा होते आणि पुढे डॉक्टरांकडे नेताना कॅरिअर पाहून ते पळत नाही.

लपण्याची जागा आपण दिली नाही तर पिल्लू स्वतः शोधतं आणि ती नेमकी आपला हात पोहोचत नाही अशी असते. फ्रिजमागची, पलंगाखालची फट आधीच बुजवा. खिडक्यांना घट्ट जाळी लावा. वॉशिंग मशीन सुरू करण्याआधी आत डोकावण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लागू द्या.

जमिनीवर बसून, शक्यतो आडवं होऊन, खोली एकदा पिल्लाच्या उंचीवरून पाहा. दोरे, सुईत ओवलेला धागा, रिबन, केसांचे रबर, लोंबणाऱ्या वायरी दिसतील. यातला दोरा सर्वांत फसवा. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, तो आत आतच सरकतो आणि आतड्याला चुण्या पाडून ते कापूही शकतो. पिल्लाच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या.

विषारी वस्तूंची यादी लांबलचक आहे, पण चार गोष्टी विसरू नका. लिलीचं झाड किंवा फुलं घरात नकोतच. अंगावर पडलेले परागकण चाटूनही मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या औषधांत बऱ्याचदा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला विषारी ठरतं. आणि कांदा, लसूण कुठल्याही रूपात देऊ नका.

पहिला दिवस आणि पहिली रात्र

खोलीत येऊन कॅरिअर जमिनीवर ठेवा, दार उघडा आणि थोड्या अंतरावर बसा. हात घालून बाहेर काढू नका. काही पिल्लं पाच मिनिटांत शेपूट उभारून फिरू लागतात, काही रात्र होईपर्यंत हलत नाहीत. दोन्ही स्वाभाविक आहे. हळू आवाजात बोला, पुस्तक वाचा, फोनवर काम करा. पिल्लाने तुमच्याकडे पाहिलं तर टक लावून बघू नका, डोळे सावकाश मिटून उघडा. मांजरांच्या जगात रोखून बघणं ही धमकी असते. सावकाश मिटणारे डोळे सांगतात की इथे भीती नाही. ते जवळ आलं तर बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर स्थिर धरा, हुंगू द्या. गाल घासला तर गालावरून हळूच बोट फिरवा. गुपचूप परत गेलं तर जाऊ द्या.

नातेवाईक, शेजारी, मित्रमंडळींना पिल्लू दाखवायचा मोह पहिला आठवडाभर आवरा. हातोहात फिरवलेलं पिल्लू माणसाच्या हाताचा धसका घेतं. आणि धसका घेतलेलं पिल्लू पुढे हात दिसला की आधी दात दाखवतं.

रात्री ते रडेल. काल-परवापर्यंत ऊब देणारी भावंडं अचानक नाहीशी झालेली असतात. जुन्या जागेवरचं, आईचा वास असलेलं एखादं कापड मिळालं तर मागून आणा. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून अंथरुणाच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे गरम वाटलं तर त्याला सरकता येईल. झोपण्याआधी थोडं खेळवा, मग खायला द्या. आपल्या पलंगावर घ्यायचं की नाही, हे पहिल्याच रात्री ठरवून टाका. आज हो आणि दोन महिन्यांनी नाही, हे मांजराला समजावता येत नाही.

लपलेलं पिल्लू दिवसभर लपलेलं राहिलं तरी चालेल, उपाशी राहिलेलं चालणार नाही. एवढ्याशा शरीरात शिल्लक काही नसते. आठ-बारा आठवड्यांच्या पिल्लाने अर्धा दिवस तोंडात काहीच घेतलं नाही तर डॉक्टरांना फोन करा, पुरा दिवस उलटायची वाट पाहू नका.

खाणं, ट्रे आणि डॉक्टर

सुरुवातीला ते आधी जे खात होतं तेच द्या. बदल करायचा असेल तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडा-दहा दिवसांत करा. खाणं पिल्लांसाठी बनवलेलंच हवं. कुत्र्याचं खाणं चालत नाही, कारण मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. गाईचं दूध देऊ नका, पुष्कळ पिल्लांना त्याने जुलाब होतात.

ट्रेची कड बुटकी असावी. जेवण झालं, झोपेतून उठलं, खेळून दमलं की पिल्लाला ट्रेजवळ न्या, बाकीचं ते स्वतः करतं. अगदी लहान पिल्लं लिटर चाखून बघतात, म्हणून पाण्याने गोळा होणारं लिटर थोडं मोठं झाल्यावरच वापरा. चुकून बाहेर झालं तर नाक घासणं, ओरडणं असलं काही नको. जागा नीट पुसा आणि ट्रे स्वच्छ होता का, सोयीच्या जागी होता का ते बघा. मांजरं जितकी त्यापेक्षा एक ट्रे जास्त, हा हिशोब पक्का.

पहिल्या काही दिवसांतच डॉक्टरांची एक भेट करून टाका. जंत, पिसवा, कानातले माइट्स (बारीक परजीवी किडे) यांची तपासणी होईल. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतं आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने 16 आठवड्यांपर्यंत चालतं. मुख्य लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस व्हायरस आणि कॅलिसिव्हायरस या तीन विषाणूजन्य आजारांविरुद्ध असते. रेबीजची लस साधारण 12 आठवड्यांनंतर. नसबंदी पाचव्या महिन्यापर्यंत उरकण्याबद्दल याच भेटीत बोलून घ्या.

चावतं का?

आता मुख्य गोष्ट. पिल्लाच्या खेळाकडे शांतपणे पाहा. ते आधी स्थिर होतं, रोखून पाहतं, पोट जमिनीला टेकवून दबा धरतं, मागचा भाग डोलवतं, झेप घेतं, पुढच्या पंजांनी धरतं, चावतं आणि मागच्या पायांनी लाथा झाडतं. शिकारीच्या याच पायऱ्या ते मोठेपणी वापरणार असतं. सातव्या-आठव्या आठवड्यापासून हलणाऱ्या वस्तूंवर झडप घालण्याचा हा खेळ जोर धरतो. पिल्लू डोळ्यांनी हालचाल टिपतं. ती उंदराची आहे, पडद्याची आहे की तुमच्या पांघरुणाखालच्या अंगठ्याची, याने त्याला फरक पडत नाही. घरात त्याच्या उंचीवर सर्वांत जास्त हलणारी वस्तू म्हणजे माणसाचे हात आणि पाय. त्यात एकटं पिल्लू असेल तर कुस्तीला दुसरं कोणी नसतंच.

दातही साथीला असतात. पिल्लाला 26 दुधाचे दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 30 कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि ते दिसेल ते चघळतं. चघळण्याजोगं खेळणं द्या, वायरी झाका. जमिनीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला तर घाबरू नका.

खेळकर चावा आणि भीतीचा चावा वेगळा ओळखता आला पाहिजे, कारण दोन्हींना उत्तर वेगळं आहे. खेळताना पिल्लू बहुधा गप्प असतं, कान पुढे, अंग सैल. कधी पाठ कमानीसारखी करून, शेपूट फुगवून आडवं आडवं उड्या मारत येतं. ते पाहून लोक घाबरतात, पण तोही खेळच. भीतीत मात्र कान डोक्याला चिकटतात, अंग आक्रसतं, फिसकारणं किंवा गुरकावणं ऐकू येतं, आणि ते कोपऱ्यात असतं. अशा पिल्लाला शिस्त लावायला जाऊ नका. मागे सरा, त्याला निसटायला वाट द्या आणि पहिल्या दिवशीसारखी हळूहळू ओळख पुन्हा सुरू करा.

हात हे खेळणं नव्हे

यावर मी अडून बसते आणि घरातल्या प्रत्येकाने बसावं. पिल्लाच्या तोंडासमोर बोटं नाचवायची नाहीत, पोटावर हात ठेवून गुदगुल्या करायच्या नाहीत, चादरीखालून पाय हलवून त्याला उचकवायचं नाही. जाड हातमोजा घालून कुस्ती खेळणं तर नकोच. तुम्हाला लागत नसलं तरी धडा हाच मिळतो की हात चावायचा असतो. आठ आठवड्यांचं पिल्लू चावतं तेव्हा गंमत वाटते, व्हिडिओ काढले जातात. आठ महिन्यांनी त्याच चाव्यात रक्त निघतं, आणि तेव्हा मांजर बिघडलं असं म्हटलं जातं. त्याने तर शिकवलं तेच केलेलं असतं.

घरातले चौघे नियम पाळतात आणि पाचवा गंमत म्हणून हात देतो, असं झालं तर फळ मिळत नाही. कधीतरी जमून जाणारी गोष्ट मांजर अधिक चिकाटीने करून बघतं. पाहुण्यांनाही आधीच सांगा आणि त्यांच्या हातात खेळण्याची काठी द्या.

दात रुतलेत, आता काय?

पहिली गोष्ट, हात ओढू नका. ओढलेला हात पळणाऱ्या सावजासारखा वागतो, पिल्लू पकड आवळतं आणि ओरखडे लांबतात. हात आहे तिथे सैल सोडा. पकड सुटलीच नाही तर हात हलकेच त्याच्या तोंडाच्या दिशेने किंचित ढकला. सावज कधी अंगावर येत नाही, त्यामुळे पिल्लू गोंधळून तोंड उघडतं.

दात सुटले की खेळ तिथेच संपला. साध्या, सपाट आवाजात एक ठरलेला शब्द म्हणा, ‘बस’ किंवा ‘नाही’, आणि घरात सगळ्यांनी तोच वापरा. बारीक आवाजात किंचाळण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. काही पिल्लं त्याने थबकतात हे खरं, पण काहींना ती सावजाची किंकाळी वाटते आणि ती आणखी पेटतात. माझ्या मते सपाट आवाज बरा. मग हात दुमडा, नजर वळवा, उठा आणि खोलीबाहेर जा. अर्धा मिनिट ते दोन मिनिटं पुरतात. पिल्लाला उचलून बाथरूममध्ये कोंडण्यापेक्षा आपण निघून जाणं चांगलं. उचलताना पुन्हा चावा बसतो, आणि कोंडण्याचा संबंध त्याला चाव्याशी लावता येत नाही. तुमची प्रतिक्रिया चाव्यानंतर एक-दोन सेकंदांत यायला हवी. नंतरच्या रागावण्याचा अर्थ त्याला कळत नाही.

परत आल्यावर खेळणं घेऊनच या आणि खेळ पुन्हा सुरू करा. पुन्हा चावलं, पुन्हा तेच करा. एका संध्याकाळी हे बरेचदा करावं लागेल. चिडून चालणार नाही. एक बारकावा लक्षात ठेवा: चावल्या चावल्या लगेच खेळणं पुढे केलं तर चावलं की खेळणं मिळतं असा त्याचा समज होऊ शकतो. मधला तो शांत थांबा म्हणूनच हवा. खेळणं पुढे करायची उत्तम वेळ चाव्याच्या आधीची असते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, मागचा भाग डोलायला लागला की पिल्लासमोरून खेळणं दूर फेका. झेप तिकडे जाईल.

दमलेलं पिल्लू कमी चावतं

चावण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी आधी एकच विचारते: त्याला रोज कोण आणि किती वेळ खेळवतं? जमिनीवर पडलेले चेंडू म्हणजे खेळ नव्हे. मेलेल्या उंदरात मांजराला फारसा रस नसतो.

काठीला दोरी आणि दोरीला पिसं किंवा कापडाचा तुकडा, हे खेळणं सर्वांत उपयोगी. त्याने दात आणि तुमचा हात यांत हातभर अंतर राहतं. ते पिल्लाच्या तोंडावर नाचवू नका, कुठलंही सावज स्वतःहून मांजराच्या तोंडाशी येत नाही. ते पिल्लापासून दूर जाऊ द्या, खुर्चीच्या पायाआड लपू द्या, मधेच थबकून थरथरू द्या, पुठ्ठ्याखालून नुसती खसखस होऊ द्या. दबा धरण्यातही पिल्लाची शक्ती खर्च होते, त्यामुळे ते नुसतं बघत बसलंय असं वाटून खेळ आवरता घेऊ नका. मधून मधून पकडू द्या. कधीच हाती न लागणारं सावज चिडचिड वाढवतं. लेझरच्या ठिपक्याची अडचण हीच आहे. वापरलाच तर डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर नेऊन संपवा.

दहा-पंधरा मिनिटांचे तीन-चार डाव दिवसभरात पुरेत. शेवटी वेग हळूहळू कमी करा, एकदा छान पकडू द्या आणि लगेच खायला द्या. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. खेळ झाल्यावर दोरीचं खेळणं कपाटात ठेवा, कारण तो दोराच आहे.

मिठी मारून लाथा झाडायची हुक्की आली की त्याला दुसरी वस्तू हवी असते. पिल्लाएवढ्या लांबीचं, घट्ट भरलेलं कापडी खेळणं, नाहीतर जुन्या मोज्यात कापूस भरून टोक पक्कं शिवलेलं, तेही चालतं. हाताला मिठी पडायच्या बेतात असताना ते त्याच्या पोटाशी सरकवा. काही दिवसांत ते आपणहून त्याच्याकडे जाऊ लागतं.

घोटे आणि रात्र

चालताना घोट्यावर झडप घालणाऱ्या पिल्लापासून पळू नका, लाथही नको. जागच्या जागी थांबा. थांबलेला पाय कंटाळवाणा असतो. हे हल्ले बहुधा ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी होतात, दाराआड, पलंगाखाली, संध्याकाळी तुम्ही घरी आल्यावर. दोन-तीन दिवस नीट लक्ष ठेवलं तर वेळ सापडते. त्या वेळेच्या आधीच खेळाचा एक डाव लावा. खिशात हलका चेंडू ठेवा आणि दबा धरलेला दिसला की पुढे फेका.

मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत चपळ असतात. पहाटे चारला पायावर उडी पडते ती यामुळेच. झोपण्याआधी मोठा डाव आणि पोटभर खाणं द्या. पहाटे उठून खायला घातलंत, ओरडलात, किंवा पाय हलवत राहिलात तर पहाटेचा कार्यक्रम कायमचा ठरला. न जमल्यास काही आठवडे पिल्लू रात्री त्याच्या खोलीत, खेळणी, पाणी आणि ट्रेसह झोपू द्या.

कुरवाळताना मधेच चावणं हा वेगळा प्रकार. मांडीवर घुरघुरणारं पिल्लू अचानक वळून चावतं. त्याला पुरे झालेलं असतं आणि त्याने आधी सांगितलेलंही असतं: शेपटीचं टोक फटकारणं, पाठीची कातडी थरथरणं, कान बाजूला वळणं. हात दोन-तीनदा फिरवून थांबा. त्याने डोकं पुढे केलं तर पुन्हा फिरवा. गाल, हनुवटी, कानांचं मूळ या बहुतेकांच्या आवडत्या जागा. पोट उघडं करून लोळणं हा विश्वास आहे, पोटाला हात लावायचं आमंत्रण नव्हे.

झोपाळलेलं असताना रोज काही क्षण पंजे हातात घ्या, बोटाने हलकेच दाबून नखं बाहेर काढा, कान बघा, ओठ उचलून दात बघा आणि लगेच आवडीचा खाऊ द्या. नखांचं फक्त पांढरं टोक कापा, आतला गुलाबी भाग जिवंत असतो. एका बैठकीत दोन नखं झाली तरी पुष्कळ.

मारणं, नाकावर टिचकी, मानेची कातडी धरून उचलणं, तोंडावर पाणी फवारणं, यातलं काहीही करू नका. आई मानेला धरते ती अगदी कोवळ्या पिल्लांना हलवण्यापुरती. या उपायांनी पिल्लू क्षणभर थांबतं म्हणून ते चालले असं वाटतं. पण हात म्हणजे मार, हे त्याच्या मनात बसतं आणि खेळातला चावा भीतीच्या चाव्यात बदलतो. तो सोडवणं कितीतरी कठीण.

घरात लहान मुलं असतील तर ती आणि पिल्लू एकत्र असताना मोठं माणूस हवंच. पिल्लू अंगावर आलं की हात छातीशी घेऊन झाडासारखं स्थिर उभं राहायचं, हे मुलांना खेळ म्हणून शिकवा. उचलून फिरवायचं नाही, जमिनीवर बसून काठीने खेळवायचं. घरात आधीचं मांजर असेल तर डॉक्टरांची तपासणी होऊन दोन आठवडे उलटेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. आधी एकमेकांची अंथरुणं अदलाबदल करून वास ओळखीचा करा, मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग जाळीतून किंवा फटीतून दर्शन. मोठ्या मांजराने फिसकारून पंजा उगारला तर मधे पडू नका, पिल्लाला मर्यादा तेच सर्वांत लवकर शिकवतं. खरी मारामारी दिसली तरच वेगळं करा. म्हातारं किंवा आजारी मांजर मात्र पिल्लाचा सवंगडी म्हणून गृहीत धरू नका.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

खेळाच्या आवेशातला चावा रोजच्या सरावाने काही आठवड्यांत हलका होऊ लागतो. दात बदलून झाल्यावर आणखी कमी होतो. पण कधीही न चावणारं पिल्लू एखाद्या जागी हात लागताच चावू लागलं, तर तिथे दुखत असण्याची शक्यता आधी तपासा. तोंडाला घाण वास, लाळ गळणं, एका बाजूनेच चावणं, लंगडणं, खाणं कमी होणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका. सहा-सात महिन्यांनंतर दुधाचा दात आणि कायमचा दात शेजारी शेजारी दिसले तर तेही दाखवा. दुधाचा दात कधी कधी काढावा लागतो.

आणि तुमच्या जखमेचं. मांजराचे दात बारीक आणि लांब असतात. वरचं भोक लगेच मिटतं आणि जंतू आत खोल राहतात. कातडीत दात शिरला असेल तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा. रेबीजची शंका असेल तिथे हे धुणं 15 मिनिटं करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खोल चावा, विशेषतः बोटाच्या सांध्यावरचा किंवा मनगटावरचा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लाली पसरणं, सूज, ठणका, ताप यांची वाट पाहू नका. मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर लहान चावाही दाखवा. ओरखड्यांतून बार्टोनेला नावाचा जिवाणू शिरू शकतो. तो मांजरांमध्ये पिसवांमुळे पसरतो, म्हणून पिल्लाच्या पिसवांचा बंदोबस्त तुमच्याही हिताचा आहे. डॉक्टरांकडे जाताना पिल्लाचं लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. ते कुठून आलं, किती दिवसांपूर्वी आलं, बाहेर जातं का आणि तुमचं धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं, हे आधी आठवून ठेवा.